लोंढ्यासारख्या गावात शाळेचा रोबोटिक्स संघ

रोबोटिक्स संघ म्हणजे दोन-तीन ते दहा मुलांचा गट, एक मार्गदर्शक शिक्षक, एक टेबल, थोडे सुटे भाग आणि पुढे ठरलेली एक तारीख. त्या तारखेपर्यंत मुलांनी एक यंत्र तयार करायचे असते. सोडून दिल्यावर कुणीही हात न लावता त्याने नेमलेले काम करावे लागते: काळ्या रेषेवरून चालणे, ठोकळा उचलून ठरल्या चौकोनात ठेवणे, दांडा ढकलणे, उतार चढणे. शहरांत जागोजाग निघालेल्या रोबोटिक्सच्या क्लासांपेक्षा संघाचे काम वेगळे असते. क्लासमध्ये प्रत्येक मूल आपापल्या किटवर पुस्तिकेतले मॉडेल जोडते, ते चालले की फोटो काढला जातो आणि पुढचा धडा सुरू होतो. संघात यंत्र एकच असते, ते सगळ्यांचे असते, आणि ते कसे जोडावे हे कुठल्याही पुस्तिकेत लिहिलेले नसते. मुलांवर जो काही परिणाम होतो, तो मुख्यतः यातूनच होतो.

शालेय मुलांसाठीच्या स्पर्धांत दोन नावे जास्त ऐकू येतात. पहिली फर्स्ट लेगो लीग. अमेरिकेत डीन केमन यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या ‘फर्स्ट’ या संस्थेने लेगो कंपनीबरोबर १९९८ मध्ये ती सुरू केली. तिच्यात रोबोट अडीच मिनिटांत जास्तीत जास्त कामे उरकतो. पण गुण केवळ त्याचेच नसतात. संघाने एखाद्या खऱ्या प्रश्नावर काय उपाय शोधला, रोबोटची रचना कशी केली आणि आपसांत काम कसे केले, हेही परीक्षक विचारतात. दुसरी वर्ल्ड रोबोट ऑलिंपियाड, २००४ पासूनची. तिथले संघ दोन-तीन मुलांचे असतात. २०१६ मध्ये तिची जागतिक फेरी दिल्लीजवळ भरली होती. या स्पर्धांचे नियम आणि विषय दरवर्षी बदलतात; त्यामुळे मागच्या वर्षीच्या माहितीवर विसंबून तयारीला लागू नये, चालू वर्षाची नियमपुस्तिका आधी वाचावी.

या प्रकारच्या शिक्षणामागचा विचार जुना आहे. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेतले सीमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा तयार केली. मूल काहीतरी खरे, दुसऱ्याला दाखवता येईल असे बनवत असते तेव्हा ते सगळ्यात चांगले शिकते, हे पेपर्ट यांचे म्हणणे होते. महाराष्ट्रात हाच धागा डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी स्वतंत्रपणे धरला. १९८३ मध्ये त्यांनी पुणे जिल्ह्यात पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला आणि ग्रामीण मुलांना वेल्डिंग, वीजजोडणी, शेती अशी कामे करता करता विज्ञान शिकवले. एमआयटीने आपल्या आवाराबाहेर उभ्या केलेल्या पहिल्या फॅब लॅबपैकी (वस्तू बनवण्याच्या कार्यशाळांपैकी) एक २००२ च्या सुमारास पाबळलाच आली, हा योगायोग नव्हे. रोबोटिक्स हे शहरी, इंग्रजी माध्यमाच्या, पैसेवाल्या शाळांचे काम, असा समज असणाऱ्यांनी पाबळचे उदाहरण जरूर पाहावे.

खानापूर तालुक्यातल्या लोंढ्याच्या दृष्टीने त्याहून जवळचे उदाहरण घाटाखाली आहे. गोवा सरकारने २०२१ मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवण्याची योजना आणली आणि ती सरकारी व अनुदानित शाळांतही नेली. लोंढ्याहून कॅसलरॉकमार्गे कुळ्याला उतरले की तिथल्या शाळेत हा विषय वेळापत्रकात आहे. देशपातळीवर २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबची योजना आहे. तिच्यात निवडलेल्या शाळेला सहावी ते बारावीच्या मुलांच्या प्रयोगशाळेसाठी वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. अशा दहा हजारांवर शाळा झाल्या आहेत, आणि सरकारी शाळांत पाच वर्षांत आणखी पन्नास हजार लॅब उभारण्याची घोषणा २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. मात्र लॅब मिळणे आणि संघ उभा राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुलूपबंद कपाटात पडून असलेले किट अनेक शाळांत पाहायला मिळते.

संघात आल्यावर मुलात पहिला बदल दिसतो तो गणितात, आणि तो गुणांच्या आधी वागण्यात दिसतो. रोबोटला टेबलाच्या एका कडेपासून ३५ सेंटिमीटर पुढे न्यायचे आहे. चाकाचा व्यास ५.६ सेंटिमीटर. परीघ काढला की १७.६ येतो, म्हणजे चाकाचे दोन फेरे पुरेत. सातवीच्या पुस्तकात पाय (π) हे उत्तरात घालायचे एक चिन्ह असते. इथे ते चुकले तर रोबोट टेबलावरून खाली पडतो. दात्यांच्या चाकांचेही तसेच. बारा दात्यांच्या चाकाने छत्तीस दात्यांचे चाक फिरवले तर वेग एक तृतीयांश होतो आणि जोर, घर्षणात जाईल तेवढा सोडून, तिप्पट होतो. लोंढ्याच्या मुलाला वेग आणि जोर यांचा हा व्यवहार नव्याने सांगावा लागत नाही. कुळे ते कॅसलरॉक हा घाट ३७ फुटांत एक फूट असा चढतो आणि मालगाडीला तो चढवायला मागून जादा बँकर इंजिने लावतात, हे इथल्या रेल्वे कॉलनीतल्या पोरांना ठाऊक असते. उतार चढताना रोबोटची चाके जागच्या जागी घसरू लागली की जोर कमी पडतोय की पकड कमी पडतेय, हा प्रश्न त्यांना चटकन समजतो.

प्रोग्रॅममधल्या अटी शिकवायलाही जंक्शनचे गाव सोयीचे आहे. सांधा पूर्ण बसून कुलूपबंद झाल्याशिवाय त्या मार्गाचा सिग्नल देताच येत नाही, अशी रेल्वेची इंटरलॉकिंगची व्यवस्था असते. ‘हे झाले असेल तरच ते कर’ या वाक्याचे याहून चांगले उदाहरण पुस्तकात मिळणे कठीण. शिक्षकांनी फळ्यावर प्रोग्रॅम लिहिण्याआधी मुलांना फलाटावरून नुसते सिग्नल बघायला लावले आणि कशानंतर काय घडते ते वहीत लिहून आणायला सांगितले, तर पहिले दोन धडे तिथेच होतात. रुळांवर उतरू नये, हे मात्र आधी बजावावे लागते.

यापेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे बिघाड शोधण्याची शिस्त. संघातल्या कामाचा बराच वेळ यातच जातो आणि बाहेरून बघणाऱ्याला तो वाया गेल्यासारखा वाटतो. काल रेषेवर नीट चाललेला रोबोट आज डावीकडे ओढतो आहे, असे समजू. पहिल्या काही आठवड्यांत मुले काय करतात? प्रोग्रॅम लिहिणारा म्हणतो, चाक वाकडे लावले आहे. चाक लावणारी म्हणते, प्रोग्रॅम बिघडवला आहे. तिसरा दोन्ही एकदम बदलून बघतो आणि मग नेमके कशामुळे काय झाले हे कुणालाच कळत नाही. चांगला मार्गदर्शक इथे उत्तर सांगत नाही, एक कृती सुचवतो. रोबोट डब्यावर ठेवून चाके अधांतरी फिरवून पाहा. दोन्ही सारखी फिरत असतील तर दोष जमिनीत, चाकाच्या रबरात किंवा वजनाच्या वाटणीत. सारखी फिरत नसतील तर दोन्ही मोटारींच्या तारांची अदलाबदल करा. आता रोबोट उजवीकडे ओढू लागला तर दोष तारेच्या मागच्या बाजूला आहे, म्हणजे ड्रायव्हर बोर्डात किंवा प्रोग्रॅममध्ये. तरीही डावीकडेच ओढत असेल तर डाव्या मोटारीत किंवा चाकात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झाले ते लिहून ठेवायचे. असे महिनाभर झाल्यावर ‘चूक कुणाची’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘चूक कुठे आहे’ हा पुढे येतो. वर्गात उत्तर चुकले की गप्प बसणारे मूल इथे हात वर करून सांगते की माझ्या बाजूला गडबड आहे. कारण लपवले तर शोधाला वेळ लागतो आणि तारीख जवळ येत असते. रोबोटिक्स संघाची एकच देणगी सांगायची झाली तर ही सांगावी लागेल.

काही बिघाड तर मुलांची निसर्गाशी गाठ घालून देतात. ‘दोन सेकंद चाल’ असे सांगितलेला रोबोट नव्या सेलवर जेवढे अंतर जातो, तेवढे उतरलेल्या सेलवर जात नाही. म्हणून वेळेऐवजी चाकाचे फेरे मोजायला शिकावे लागते. रेषा ओळखणारा इन्फ्रारेड सेन्सर ट्यूबलाइटखाली चोख काम करतो आणि खिडकीजवळच्या उन्हात गोंधळतो, कारण उन्हातही इन्फ्रारेड किरण असतातच. जुलै-ऑगस्टमध्ये लोंढ्याच्या पावसात शाळेची फरशी दमट होते आणि मार्चमध्ये ठरवलेले सगळे आकडे चुकतात. बेळगावच्या वातानुकूलित सभागृहात स्पर्धा असेल तर तिथले आणखी वेगळे. स्पर्धेच्या ठिकाणी पोचल्यावर सर्वांत आधी सेन्सरची मापे नव्याने घ्यावीत, हे अनुभवी संघांना सांगावे लागत नाही. नव्या संघांना मात्र आवर्जून सांगावे.

संघातल्या कामाची वाटणी हा नाजूक भाग आहे. प्रोग्रॅम, जोडणी, तारा, नोंदवही, सादरीकरण अशी कामे पहिल्याच आठवड्यात वाटून टाकली जातात आणि वर्षभर तशीच राहतात. जी मुलगी अक्षर चांगले म्हणून नोंदवही लिहायला बसते, ती बहुतेकदा शेवटपर्यंत नोंदवहीच लिहिते, आणि पेचकस मुलांच्या हातात राहतो. हे कुणी मुद्दाम करत नाही, म्हणूनच ते मोडण्यासाठी मुद्दाम नियम करावा लागतो: दर तीन आठवड्यांनी कामे बदलायची आणि सोल्डरिंग प्रत्येकाने एकदा तरी करायचे. अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठाने ‘फर्स्ट’च्या स्पर्धांतील मुलांचा २०१२ पासून अनेक वर्षे मागोवा घेतला. त्यांत विज्ञान-तंत्रज्ञानाची ओढ तुलनेच्या गटापेक्षा जास्त आढळली आणि मुलींच्या बाबतीत हा फरक अधिक ठळक होता. अर्थात अशा संघात मुळातच ओढ असलेली मुले जास्त येतात आणि असा अभ्यास ती अडचण पूर्णपणे ओलांडू शकत नाही. तरी मुलींना तारांपासून दूर ठेवणाऱ्या शाळांनी हा निष्कर्ष विचारात घ्यायला हवा.

भाषेचा प्रश्न सीमाभागात टाळता येत नाही. लोंढ्याचे मूल घरी मराठी बोलते, शाळेत कन्नड शिकते, रेल्वे कॉलनीत हिंदी वापरते, शेजारी कोकणी ऐकते. आणि नियमपुस्तिका इंग्रजीत येते. मराठी माध्यमाच्या मुलांना ही पुस्तिका वाचून दाखवणे हे शिक्षकाचे काम नव्हे. मुलांनीच पानागणिक वाटून घेऊन शब्दकोशाच्या मदतीने ती वाचावी आणि प्रत्येक नियम मराठीत एका ओळीत लिहावा. संघातली चर्चा आणि नोंदवही ज्या भाषेत मूल विचार करते त्याच भाषेत असावी. सादरीकरणासाठी पाठ केलेले इंग्रजी परिच्छेद परीक्षकाच्या पहिल्याच प्रश्नाला कोसळतात. आपण काय केले ते आधी मराठीत नीट सांगता येणारे मूल मोडक्या कन्नडात, हिंदीत किंवा इंग्रजीतही ते पटवून देते. अनोळखी माणसाच्या प्रश्नाला ‘ते आम्ही करून पाहिले, जमले नाही, म्हणून असे केले’ असे उत्तर देण्याची सवय तोंडी परीक्षेच्या भीतीवरही उतारा ठरते.

ज्या स्पर्धांत खऱ्या प्रश्नावर उपाय मागितला जातो, तिथे गावाचा विषय घ्यावा. खानापूर तालुक्यात भाताच्या शेतात गवे आणि रानडुकरे घुसतात. हालचाल ओळखणारा सेन्सर लावून भोंगा वाजवणे मुलांना एका दुपारी जमते. खरे काम त्यानंतर सुरू होते. भोंगा कुत्र्यालाही वाजतो, वाऱ्याने हललेल्या फांदीलाही वाजतो. स्वस्त सेन्सरचा पल्ला सहा-सात मीटर आणि शेत अर्ध्या एकराचे. चौथ्या रात्री डुकरे आवाजाला सरावतात. हे मुलांना कळते ते बांधावर जाऊन शेतकऱ्याशी बोलल्यावर. इंटरनेटवरून उचललेल्या ‘स्मार्ट सिटी’च्या प्रकल्पांपेक्षा असा अर्धवट फसलेला प्रकल्प परीक्षकालाही जास्त काही सांगतो.

संघामुळे काय होत नाही, हेही पालकांनी जाणून घ्यावे. परीक्षेतले गुण आपोआप वाढत नाहीत. स्पर्धेच्या आधीचे काही आठवडे ते थोडे घसरूही शकतात. म्हणून सहावी ते आठवी हा संघात येण्याचा चांगला काळ. नववीत चालते. दहावीच्या एसएसएलसी परीक्षेच्या वर्षी मुलाने नव्या मुलांना शिकवावे, स्वतः स्पर्धेत उतरण्याचा आग्रह धरू नये. आणि सर्वांत मोठा धोका मोठ्या माणसांचा आहे. स्पर्धा जवळ आली की शिक्षक रात्री बसून प्रोग्रॅम दुरुस्त करतात, कुणाचा इंजिनिअर मामा येऊन हात फिरवून जातो, पैसे असलेल्या शाळा बाहेरचा प्रशिक्षक नेमतात. रोबोट जिंकतो. मुलाच्या वाट्याला पदक येते आणि वर सांगितलेल्यातले काहीही येत नाही. मार्गदर्शकाने यंत्राला हात लावायचा नाही, माउसलाही नाही, एवढा एक नियम शाळेने पाळला तरी पुष्कळ झाले. त्यामुळे काही स्पर्धा हरल्या जातील, हे मुख्याध्यापकांनी आधीच मान्य केलेले बरे.

सुरुवात कमी पैशांत होते. लेगोचे किट कित्येक हजारांना पडते आणि लोंढ्यासारख्या ठिकाणी पहिल्याच वर्षी त्याची गरज नसते. आर्डुइनो हा २००५ मध्ये इटलीत तयार झालेला बोर्ड खुल्या आराखड्याचा असल्यामुळे त्याच्या स्वस्त प्रती काही शे रुपयांत मिळतात. त्याच्या जोडीला दोन पिवळ्या बीओ मोटारी, एक मोटार ड्रायव्हर, दोन इन्फ्रारेड सेन्सर, एक अल्ट्रासॉनिक सेन्सर, ब्रेडबोर्ड, जंपर वायर आणि एक साधा मल्टिमीटर घ्यावा. हे सामान बेळगाव किंवा हुबळीतून आणता येते. दोन्हीकडे थेट गाडी आहे. सांगाडा प्लायवूडचा किंवा जुन्या टिफिनच्या झाकणाचा चालतो. मल्टिमीटर मात्र वगळू नये, कारण वर सांगितलेली बिघाड शोधण्याची सगळी शिस्त त्याच्यावर उभी राहते. संगणक एकच असला तरी भागते.

पैशांसाठी केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक योजनेचा विचार करावा. शाळा आपल्या विद्यार्थ्यांच्या पाच कल्पना पाठवू शकते आणि निवड झालेल्या विद्यार्थ्याला नमुना तयार करण्यासाठी दहा हजार रुपये मिळतात. पुरस्कार एकेका मुलाच्या नावे असतो, संघाच्या नव्हे. तेव्हा कल्पना कुणाच्या नावाने जाणार, याचा निकाल नाव पाठवण्याआधीच सगळ्यांच्या समोर लावावा. नंतर त्यावरून मैत्री तुटते.

वेळ शनिवारची. सकाळची शाळा सुटल्यावर दोन तास, आणि आसपासच्या खेड्यांतून बसने किंवा पॅसेंजरने येणाऱ्या मुलांची परतीची गाडी धरून. रोज थोडे थोडे करण्यापेक्षा आठवड्यातून एकदा सलग बसणे या कामाला मानवते, कारण टेबल मांडून आवरण्यातच अर्धा तास जातो. पावसाळ्यात वीज जाते, म्हणून बॅटऱ्या आदल्या दिवशी भरून ठेवाव्यात आणि बोर्ड घट्ट झाकणाच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावेत.

सुरक्षेचे नियम थोडे पण कडक हवेत. घरगुती विजेच्या बोर्डाला मुलांनी काहीही जोडायचे नाही. सोल्डरिंग शिक्षक समोर असतानाच, चष्मा लावून, खिडकी उघडी ठेवून. लिथियमच्या सेलची दोन टोके तारेने एकमेकांना चिकटली तर तो तापून पेट घेऊ शकतो. त्यामुळे सुटे सेल खिशात किंवा दप्तरात टाकायचे नाहीत, फुगलेला सेल वापरायचा नाही. पहिल्या वर्षी साधे पेन्सिल सेल पुरतात.

दहावीनंतर या मुलांना काय, असा प्रश्न पालक विचारतात. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री आणि मशीन शॉपची मोठी वसाहत आहे, आणि तिथल्या सीएनसी मशीनवर काम करणाऱ्याला मापे आणि बिघाड या दोन्हींची जाण लागते. आयटीआय, डिप्लोमा किंवा विज्ञान शाखेतून पीयूसी असे तीनही मार्ग खुले असतात. उद्यमबागेतच गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे आणि विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्य ठिकाणही बेळगावलाच. संघात राहिलेले प्रत्येक मूल इंजिनिअर होईल असे मानू नये. काही मुलांना वर्षभरात उमगते की हे काम आपले नव्हे, आणि सतराव्या वर्षी फी भरून बसल्यावर कळण्यापेक्षा ते तेराव्या वर्षी कळणे स्वस्त पडते.

संघ दुसऱ्या वर्षी टिकायचा असेल तर शाळेने मार्चमध्ये एक दिवस हस्तांतरासाठी ठेवावा. जुन्या मुलांनी रोबोट सुटा करून भाग मोजून डब्यांत भरावेत, मोडलेल्या भागांची यादी करावी आणि नोंदवहीच्या सुरुवातीला वर्षभरातले बिघाड, त्यांची कारणे आणि उपाय अशी तीन रकान्यांची पाने जोडावीत. जूनमध्ये नव्या मुलांना तयार रोबोट देऊ नये. ते डबे आणि ती वही द्यावी, आणि पहिला शनिवार वही वाचण्यासाठी राखून ठेवावा.